कर्णबधिर शाळांचा इतिहास आणि जेवणाची पंगत : रत्नागिरीत लागलेलं प्रदर्शन

पडवीतली

मारुती मंदिराजवळ एका शाळेच्या हॉलमध्ये सध्या कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या इतिहासाचं प्रदर्शन लागलंय. काही विशेष शिक्षक आणि माजी विद्यार्थ्यांनी पदरचे पैसे घालून केलंय. तिकीट नाही, उद्घाटनाला कुणी मंत्रीसंत्री नाही, त्यामुळे पेपरातही आलं नाही. बाहेरच्या बोर्डावर ‘शाळा आणि जेवण’ असं वाचून आत गेले. शाळा ठीक आहे, जेवण कशाला मध्ये? त्याचं उत्तर पहिल्याच फलकावर होतं.

तो फलक युरोपातल्या मठांचा. बेनेडिक्टाइन साधूंना जेवताना बोलायची मनाई. पण पाव तर मागायला हवा, म्हणून त्यांनी हाताच्या खुणा ठरवून घेतल्या. फ्रान्समधल्या क्लूनी मठातल्या, अकराव्या शतकातल्या खुणांच्या याद्या आजही वाचायला मिळतात. सुरुवातच पावापासून. दोन्ही हातांचे अंगठे आणि शेजारची बोटं जुळवून गोल केला की पाव. चीज हवं तर तळव्यावर तळवा दाबायचा. दूध हवं तर करंगळी ओठांना लावायची, तान्हं मूल चोखतं तशी. आणि हात माशाच्या शेपटीसारखा हलवला की मासा. फलकाशेजारी एक मुलगा उभा राहून या खुणा करून दाखवत होता. माशाची खूण त्याने करायच्या आधीच माझ्यापुढच्या आजींनी करून दाखवली! त्यांनी क्लूनीचं नाव जन्मात ऐकलं नसणार.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या ओन्याच्या मठात पेद्रो पोन्से दे लेओन नावाचा साधू होता. वेलास्को या बड्या सरदार घराण्यातली ऐकू न येणारी मुलं त्याच्याकडे आली. बहिऱ्याला शिकवता येतच नाही, अशी तेव्हा पक्की समजूत. याने त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, बोलायलाही शिकवलं. कर्णबधिरांच्या ज्या शिक्षकांची नोंद सापडते त्यांत हा अगदी सुरुवातीचा. ज्याचं रोजचं जेवणच हातांनी बोलून होतं, त्याला ऐकू न येणाऱ्या पोरापुढे हात हलवण्यात काय अवघड वाटणार? फलकावर हे अभ्यासकांचं मत म्हणून दिलंय. मला लगेच पटलं.

मग पॅरिस. आबे द लेपे यांनी अठराव्या शतकात तिथे खुणांमधून शिकवणारी शाळा काढली. पुढे तिथेच शिकून तिथेच शिक्षक झालेला फेर्दिनां बेर्तिए, स्वतः कर्णबधिर, याने १८३४ साली लेपे यांच्या जन्मदिवसानिमित्त मेजवानी भरवली, आणि मग ती दरवर्षी होत गेली. भाषणं, शुभेच्छा, वादावादी, सगळं हातांनी. ऐकू येणारे पाहुणेही बोलावलेले असत, पण त्या टेबलावर पंचाईत व्हायची ती त्यांची. बायकांना मात्र या मेजवान्यांत बरीच वर्षं जागा नव्हती. तेही फलकावर लिहिलंय, लपवलेलं नाही.

आणि १८८०, मिलान. कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ठरवलं की मुलांना तोंडानेच बोलायला शिकवायचं, वर्गात खुणा बंद. १६४ प्रतिनिधी, त्यात कर्णबधिर एक. त्यानंतर अनेक देशांत कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, व्हँकूवरच्या परिषदेत. मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने शाळा सुरू झाली तीही १८८०च्याच दशकात, म्हणजे मिलानची शाई वाळत असताना. आपल्या शाळांनी पुढे इतकी वर्षं बोलण्यावरच भर का दिला, ते इथे कळतं.

शेवटची खोली कोकणातल्या वसतिगृहांच्या मेसची. मला ती सगळ्यात आवडली. मोठाली पातेली, ॲल्युमिनियमची ताटं, वाढपाचे डाव, आठवड्याच्या जेवणाचा चित्रांनी काढलेला तक्ता (फोटो जोडलाय). माजी विद्यार्थ्यांचे व्हिडिओ, खाली मराठी ओळी. एक बाई सांगत होत्या, वर्गात हात मांडीवर, नजर बाईंच्या ओठांवर. हात हलला की डोळे वटारले जायचे. मग जेवणाची घंटा (म्हणजे दिव्याची उघडझाप). ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या की मोठ्या मुली लहानांना शिकवायच्या. भात. आमटी. आज ताक आहे. तुझी आई कधी येणार? त्या सरांची मिशी बघ. घर सोडून आलेल्या सहा वर्षांच्या पोरीला तोवरच्या आयुष्यात कुणी एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली नव्हती. ती तिला त्या रांगेत सांगितली गेली.

म्हणजे हजेरीपटावर शाळा वर्गात भरत होती आणि भाषा मेसमध्ये शिकली जात होती. अहवालात वगैरे याचा कुठे उल्लेख नसणार. मेसच्या मावशींचा तर नाहीच, आणि त्यांना म्हणे सगळ्या खुणा यायच्या, कुणी शिकवलेलं नसताना.

जाऊन आला असाल तर लिहा.

दर्यावर्दी

छान लिहिलंयस ताई. कधीपर्यंत आहे? लांज्याहून यायचंय, रविवारी चालू असतं का?

पडवीतली

महिनाअखेरपर्यंत. रविवारी असतं, उलट रविवारी माजी विद्यार्थी स्वतः माहिती देतात आणि दुभाषी पण असतो. दुपारी एक ते दोन बंद, जेवायला!

बाराखडी

माझी सगळी नोकरी कर्णबधिर मुलांना शिकवण्यात झाली, आता निवृत्त आहे. त्या ‘डोळे वटारणाऱ्या’ बाईंच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते.

आम्हाला प्रशिक्षणातच सांगितलेलं असायचं की खुणा केल्या तर मूल बोलायचा आळस करतं. आणि पालकांना काय हवं असायचं? साखरप्याहून, मंडणगडहून पहाटेच्या एसटीने पोराला काखोटीला मारून आलेली आई. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं : बाई, एकदा मला ‘आई’ म्हणू दे. तिला मिलान सांगायचं?

खाणं आमच्या वर्गातही होतं, फक्त ते औजार होतं. ‘ल’ काढायचा तर जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकायला हवं. ज्याला ‘ल’ ऐकूच येत नाही त्याला ती जागा सांगणार कशी? तिथे बोटाने मधाचा ठिपका लावायचा आणि चाटायला सांगायचं. जीभ बरोबर जागेवर. फुंकर शिकवायला टेबलावर चुरमुरे पसरायचे आणि पलीकडच्या कडेपर्यंत उडवायला लावायचे, जिंकेल त्याने खायचे. ‘प’ म्हणताना ओठांपुढे धरलेली कागदाची पट्टी उडते. ‘ब’ला पट्टी हलत नाही, पण गळ्याला हात लावला तर थरथर लागते. एकेका अक्षराला महिना महिना जायचा, आणि मूल ते म्हणालं की आख्खा स्टाफ पेढे खायचा.

ओठ वाचणं म्हणजे काय ते कळायला घरी एक करून बघा. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘भात’, ‘पाट’, ‘माठ’ म्हणा. तिन्ही सारखेच दिसतात. भात हवा का विचारलं की आमचं एक पोर उठून पाट आणायचं. आम्ही हसायचो, ते पण हसायचं. पण दिवसभर असंच अंदाजपंचे चालायचं हो त्याचं.

मेसमध्ये काय चालतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्याध्यापकांनाही. म्हणूनच जेवणाच्या वेळी कुणी तिकडे फिरकायचं नाही.

खवणी

बाराखडी ताई, भात-पाट-माठ आत्ता आरशासमोर करून बघितलं. बाप रे.

कुळीथपिठी

हा धागा दोनदा वाचला. माझा मोठा भाऊ जन्मतः कर्णबधिर. सातव्या वर्षापासून वसतिगृहात. गणपतीला आणि मे महिन्यात घरी यायचा.

आमचं घर गुहागर तालुक्यात, जुनं. स्वयंपाकघरात भरदिवसा काळोख, वरच्या एका काचेच्या कौलातून जो काय उजेड येईल तेवढाच. तिथे ओठही दिसत नाहीत आणि हातही. पंगत माजघरात, भिंतीला पाठ लावून एका ओळीत. शेजारचा काय म्हणतोय ते बघायला मान वळवावी, तोवर पलीकडून तिसऱ्याने विनोद टाकलेला. सगळे हसले की दादा पण हसायचा. मग आईला ढोसून विचारायचा, काय झालं? आई खुणेने सांगायची, काही नाही, असंच. नंतर सांगते. मग वाढावाढी, उष्टी-खरकटी, आरती. ते ‘नंतर’ कधी आलंच नाही.

लाडका होता तो, गैरसमज नको. मोदक त्याच्या पानात सगळ्यात जास्त, तूप वाढायला आत्या नि काकू यांच्यात चढाओढ. पण काकांची जमिनीची केस, आजोबांचं आजारपण, आत्याचं ठरून मोडलेलं लग्न, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आत्याचं लग्न मोडलं होतं हे त्याला चाळिशीत, चुलतभावाने व्हॉट्सॲपवर टाकलेल्या जुन्या फोटोखालच्या गप्पांमधून कळलं. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आम्ही म्हटलं, अरे जुनी गोष्ट आहे. त्याने लिहून दाखवलं, तुम्हाला जुनी.

अमेरिकेतल्या कर्णबधिर मंडळींनी या प्रकाराला ‘डिनर टेबल सिंड्रोम’ असं नावच देऊन टाकलंय. सगळं घर एका टेबलावर, जेवण भरपूर, आणि एका माणसाला गोष्टींचा पत्ता नाही. जगात सगळीकडे आहे म्हटल्यावर थोडं बरं वाटलं, का वाटलं ते कळलं नाही.

सुट्टी संपायच्या चार दिवस आधीच दादा बॅग भरून ठेवायचा. आई रडायची. म्हणायची, पोराला घरचं अन्न गोड लागत नाही.

रापणकर

आमच्या वाडयेत येक काको होतो, जन्मापासून आयकाक येय नाय. शाळेची पायरी बघूक नाय. पण होडयेर तेच्यासारखो गडी नाय. इंजिनाच्या आवाजात थंय सगळेच हातान बोलतत, तेका कसली अडचण! मासो म्हटल्यार शेपटी हालवची, आणि फुडे जात सांगूची. बांगड्याक पाठीवरचे पट्टे. सुरमयेक लांबी. खेकड्याक दोन बोटांचो चिमटो. घराकडे इलो काय मात्र मुको. मासो इकूक तेची बायल जाय, कारण बाजारात गिऱ्हायकाक हाताकडे बघूक येळ नाय.

खवणी

वा, बांगड्याच्या पट्ट्यांची खूण आवडली. अवांतर : त्या चित्रांच्या तक्त्यात बुधवारी काय होतं? फोटोत कुळथाचं पिठलं वाटतंय. वसतिगृहाच्या मेसला इतक्या पोरांचं पिठलं गुठळ्या न होता कसं करतात हा माझा खरा प्रश्न आहे.

दर्यावर्दी

पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, मग उकळीत ओतायचं, दुसऱ्याने डाव फिरवत राहायचं. एकट्याचं काम नाही ते.

खवणी

त्रिफळं घालायची की लसूण?

कुळीथपिठी

लसूण. आणि आयडी माझा असला तरी पाककृतीचा वेगळा धागा काढा, इथे नको.

हळदीचं पान

इथे लिहू की नको असं चाललं होतं. माझी मुलगी चार वर्षांची आहे. कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकायचं यंत्र) झालंय, सरकारी योजनेतून. ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीसाठी आम्ही कोल्हापूरला जातो, आंबा घाटातून, उलट्या करत. थेरपिस्ट म्हणतात खुणा अजिबात नकोत, नाहीतर ती ऐकण्याकडे लक्ष देणार नाही. आज इथे मिलानचं वाचलं आणि डोकं फिरलं. १८८०ला जे सांगत होते तेच मला आत्ता सांगतायत का?

बाराखडी

नाही, तेवढं सरळ नाही ते. तुमच्या थेरपिस्टचं एक म्हणणं बरोबर आहे. इम्प्लांट बसवून भागत नाही, त्यानंतर ऐकायचा सराव रोज, घरी, चिकाटीने झाला पाहिजे. तो नाही झाला तर इतकं महाग यंत्र नुसतं कानामागे लटकतं. अशी मुलं मी बघितलीत.

पण बाहेरचा प्रोसेसर, कानामागे लावायचा तो भाग, आंघोळीला काढता ना? झोपताना काढता. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने बिघडू नये म्हणून रात्री कोरड्या डबीत ठेवावा लागतो. बॅटरी संपते, वायर तुटते, दुरुस्तीला पाठवला की किती दिवस लागतील याचा नेम नाही. तेव्हा पोरीला पोटात दुखतंय हे ती कशी सांगणार? खूण असेल तर सांगेल. दोन्ही असू दे. ऐकणारी मुलं नाही का, घरात मालवणी नि शाळेत मराठी बोलतात, कुणाचं काय बिघडतं?

दर्यावर्दी

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला एक खटकतंय. धाग्याचा सूर असा झालाय की वसतिगृह फार भारी. सहा वर्षांचं पोर आईपासून तोडून शहरात ठेवायचं, हे चांगलं कसं? आता कायद्याने गावच्या शाळेत प्रवेश मिळतो. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, समावेशक शिक्षण आहे. फिरते विशेष शिक्षक येतात. घरी राहून शिकू दे की.

पडवीतली

कुणी भारी म्हटलेलं नाही. त्या व्हिडिओतल्या बाईही सांगतात की पहिल्या वर्षी रोज रात्री रडायच्या.

पण तू गावची शाळा म्हणतोस ती डोळ्यासमोर आण. आपल्या वाड्या कशा विखुरलेल्या. आख्ख्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळा मिळून, ऐकू न येणारं मूल एकच. विशेष शिक्षक येणार तो ठरलेल्या दिवशी, रस्ता खचलेला नसला तर. बाकीचे दिवस दुपारची खिचडी हे मूल कुणाबरोबर खाणार? शेजारी बसतील पोरं, नाही असं नाही. बोलणार कोण? कुळीथपिठीच्या दादाची पंगतच झाली ती, फक्त शाळेच्या व्हरांड्यात. प्रवेश मिळाला, गणवेश मिळाला, पोषण आहार मिळाला, सगळ्या रकान्यांत टिकमार्क. जेवताना त्याच्याशी कोण बोलतं, याचा रकानाच नाही.

दर्यावर्दी

हे पटलं. पण मग उत्तर काय? प्रत्येक गावात वसतिगृह?

कुळीथपिठी

उत्तर माहीत नाही. आमच्या घरापुरतं सांगतो. दादाच्या लग्नानंतर वहिनी आली, तीही कर्णबधिर, आणि तिने पहिल्या गणपतीला पानं मांडायलाच नकार दिला. माजघरात नाही, पुढच्या पडवीत मांडा, आणि दोन ओळी समोरासमोर. आई म्हणाली पडवीत कशी पंगत बसेल, पाऊस येतो. वहिनीने जाऊन ताडपत्री बांधली. माझी मुलं तिच्याकडून खुणा शिकली, आम्हा मोठ्यांपेक्षा पटकन. आता दादा जेवताना इतका बोलतो की भात गार होतो.

खवणी

वहिनी जिंदाबाद.

उजेडातला

मी कर्णबधिर आहे. प्रदर्शनाच्या कामात होतो, तो चित्रांचा तक्ता मीच काढला. हो, बुधवारी पिठलं.

पंगतीबद्दल बरोबर लिहिलंय. मेसमध्येही आधी एकच ओळ होती. मोठ्या मुलांनी मावशींना सांगून समोरासमोर करून घेतली, सरांना कळायच्या आत. आणखी एक. आपण उजव्या हाताने जेवतो, हात भाताने भरलेला. म्हणून आम्ही डाव्या हाताने बोलायचो. आमच्या बॅचचे सगळे जेवताना अजून डाव्यानेच बोलतात. काट्या-चमच्याने खाणाऱ्यांना बोलायला हातातलं खाली ठेवावं लागतं.

उजेड हवा. लाईट गेली की आमचं बोलणं बंद. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, दापोलीकडे आमच्या गावात कितीतरी दिवस वीज नव्हती. दिवसभर कौलं गोळा करायची, संध्याकाळी मी आणि बायको मध्ये कंदील ठेवून जेवायचो, नाहीतर एकमेकांना काय सांगणार? त्याच वर्षी मास्क आले, लोकांचे ओठ पण गेले.

माझं काम फळप्रक्रियेचं. आंबापोळी, फणसपोळी, आगळ. लोक हमखास विचारतात, तुला कुकरची शिट्टी कशी कळते? अहो, शिट्टी उडताना दिसते. वाफ दिसते. ओट्यावर हात ठेवला तर थरथर कळते. मोहरी तडतडलेली दिसते, वास येतो. भजी होत आली की तेलातले बुडबुडे कमी होतात. आमरस आटत आला की ढवळताना हाताला जड लागतो, तिथे कानाचं कामच नाही. मागून कोण आलं तेवढं कळत नाही, म्हणून ओट्यासमोर आरसा लावलाय.

शाळेत मला हे शिकवलं नव्हतं. शिवण आणि सुतारकाम शिकवलं. प्रदर्शनात बघाल, जगभर तेच : शिवण, चपला, सुतारकाम, छपाई. छापखान्यात आमचे खूप लोक लागायचे, यंत्राच्या आवाजाचा त्रास नाही म्हणून. निवड आमची नसायची. पवईला २०१५ साली मिर्ची अँड माइम हॉटेल निघालं, वाढपी कर्णबधिर, मेन्यूत पदार्थापुढे खूण, गिऱ्हाईक खूण करून मागवतं. चांगलं आहे, पगार मिळतो, लोक दोन खुणा शिकतात. पण सगळे ‘किती छान’ म्हणतात ना, ते मला आवडत नाही. मला आमच्यातला मालक बघायचाय. गल्ल्यावर बसलेला, उधारी नाकारणारा.

प्रदर्शनाबद्दल एक तक्रार. मी एक फलक सुचवला होता, तो घेतला नाही. वर्गात खुणा केल्या म्हणून शेवटच्या रांगेत उभं करायचे, जेवण उशिरा, आमटीचं नुसतं पाणी उरलेलं. माझ्या शाळेत झालंय, माझ्याशी झालंय. इतर म्हणाले, कशाला कटू आठवणी, शाळेचे लोक बघायला येणार. मेसचं कौतुक लावलंत तर हेही लावा की. ते पण जेवणच होतं.

बाराखडी

लावायला हवा होता तो फलक. मी रविवारी येते आहे, आयोजकांशी बोलते. लिहून द्याल का तुम्ही?

उजेडातला

लिहून नाही देणार. व्हिडिओ देतो. खाली ओळी तुम्ही लिहा.

पडवीतली

याहून चांगलं काही होऊ शकत नाही. मी टाइप करायला मदत करेन.

खवणी

खुणा शिकायच्या तर कुठून सुरुवात करावी? मोठ्या माणसांना जमतं का?

बाराखडी

दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ पासून. त्यांचा शब्दकोश २०१८ला तीन हजार शब्दांनी सुरू झाला, २०२१ला दहा हजारांवर गेला. प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ, नेटवर फुकट. पण नुसते व्हिडिओ बघून येत नाही. माणसाबरोबर बसा.

खवणी

त्यात सोलकढी आहे का? :)

उजेडातला

आमच्या शाळेची खूण : मूठ आवळून पिळायचं, मग वाटी तोंडाला लावायची. कुडाळकडच्या मुलांची वेगळी आहे. ते म्हणतात आमची बरोबर. दर स्नेहसंमेलनात भांडण होतं, मिटलेलं नाही.

रापणकर

कुडाळची बरोबर आसतली. सोलकढी आमची.

हळदीचं पान

बाराखडी ताई, उजेडातला दादा, दोघांचेही आभार. घरी बोलणं झालं. थेरपी चालू ठेवतोय, ती सोडणार नाही. पण खुणाही शिकणार आहोत, मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंचं म्हणणं, मला या वयात काय जमणार. मग त्यांना विचारलं मासा कसा दाखवाल, तर हात हलवला. रविवारी मुलीला घेऊन यायचा विचार आहे. तिने अजून एकही मोठं कर्णबधिर माणूस बघितलेलं नाही. आमच्या नात्यात, वाडीत कुणीच नाही. चालेल ना? चार वर्षांची आहे, फलक वगैरे तिला कळणार नाहीत.

उजेडातला

फलक नका दाखवू. रविवारी तीन वाजेपर्यंत मी आंबापोळीच्या टेबलापाशी आहे, पाच-सहा जण आहोत आमच्यातले, लहान पोरंही येतात. तिला तिथे सोडा. ती खुणेने काही विचारेल, चुकीचं विचारेल, तुम्ही मध्ये पडून सांगू नका. तुम्ही तिकडे चहा प्या.